दाबलं, पण घंटा वाजली नाही

(या पानावर कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते. टर्मिनलवर त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.)

प्रश्न : ताई, आमचं घर कुडाळजवळ आहे. मी पुण्यात नोकरी करतो, घरी आई-बाबा दोघंच. मार्चमध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अस्पष्ट झालं, डावा हात मात्र चालतो. त्यांना हाक मारता येत नाही म्हणून मी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं, लांब वायरचा यूएसबी माउस त्यांच्या डाव्या हाताशी दिला आणि लॅपटॉप स्वयंपाकघरात ठेवला. बटण दाबलं की घंटेची फाइल वाजावी, एवढंच हवं होतं. स्क्रिप्ट (कमांडची फाइल) अशी आहे : 'एक्सइनपुट टेस्ट ११' (११ क्रमांकाच्या उपकरणाच्या, म्हणजे माउसच्या घटना छापणारी कमांड), त्यातून पाइपने (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देणाऱ्या जोडणीने) 'ग्रेप', ग्रेप 'बटन प्रेस' असलेल्या ओळी निवडतो, पुढे पाइपने 'व्हाइल रीड' लूप आणि लूपमध्ये 'एप्ले' घंटा वाजवतं. दिवसात किती हाका आल्या ते कळावं म्हणून लूपमध्ये 'किती' या व्हेरिएबलमध्ये एकेक मिळवतो आणि स्क्रिप्ट बंद होताना ट्रॅपमधून तो आकडा छापतो.

ग्रेपपर्यंतचा भाग टर्मिनलवर चालवून पाहिला होता. दर क्लिकला ओळ उमटत होती. मग लूप जोडला, सुरू केलं आणि रात्रीची गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला, घंटा वाजतच नाही. आईने बाबांच्या उशाशी स्टीलचं ताट आणि चमचा ठेवला. बाबा तरी सवयीने बटण दाबत राहिले. अकराव्या रात्री तीनच्या सुमारास त्यांनी पाण्यासाठी एकदा दाबलं आणि घंटा वाजायला लागली ती थांबेचना. आईला वाटलं, बाबांना काही झालं. शेवटी तिने लॅपटॉपची बॅटरी काढली. माउस बिघडला आहे का? आणि 'किती' नेहमी शून्यच का छापतं?

उत्तर : माउस चांगला आहे. तुमच्या बाबांची एकही हाक हरवली नव्हती. अकरा दिवसांच्या सगळ्या हाका ग्रेपकडे साठून राहिल्या आणि त्या रात्री एकदम बाहेर पडल्या.

तुमची स्क्रिप्ट मी माझ्या जुन्या डेस्कटॉपवर जशीच्या तशी चालवली. दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'एसट्रेस' ही कमांड ग्रेपच्या प्रोसेसला जोडली. एखादा प्रोग्रॅम कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) काय मागतो आणि काय देतो, ते एसट्रेस ओळीओळीने दाखवतं. मग क्लिक करत बसले. दर क्लिकला ग्रेपचं 'रीड' दिसत होतं. म्हणजे ओळ त्याच्यापर्यंत पोहोचत होती, पण 'राइट' काही दिसेना. दहा झाले, पन्नास झाले, शंभर झाले. २२८व्या क्लिकला एकच 'राइट' आलं, ४०९६ बाइटचं. त्याच क्षणी घंटा सुरू झाली. माझ्या मशीनवर 'बटन प्रेस'ची एक ओळ, शेवटची मोकळी जागा आणि ओळतोड धरून, १८ बाइटची होते. २२७ ओळींचे ४०८६ बाइट झाले. २२८व्या ओळीतले पहिले दहा बाइट घेतल्यावर ४०९६ भरले आणि गठ्ठा पुढे सरकला. काही माउसच्या ओळीत पुढे जागेचे आकडेही येतात, तिथे हा हिशोब बदलेल. माझी घंटेची फाइल दोन सेकंदांची आहे. २२७ घंटा वाजायला साडेसात मिनिटं लागली आणि मी त्या सगळ्या वाजू दिल्या. रात्री तीन वाजता तुमच्या आईने काय ऐकलं असेल, ते मला कळायला हवं होतं.

असं का होतं? सी भाषेच्या लायब्ररीतून लिहिणारा प्रोग्रॅम आधी बघतो की आपलं आउटपुट जातंय कुठे. समोर टर्मिनल असेल तर तो दर ओळीला लिहितो. समोर पाइप किंवा फाइल असेल तर लिहायचं ते बफरमध्ये साठवतो आणि बफर भरला की एकदम सोडतो. मोठ्या फाइली चाळताना यामुळे वेळ वाचतो. म्हणूनच तुमची चाचणी तुम्हाला फसवून गेली. ग्रेप शेवटचा होता तेव्हा त्याच्यासमोर टर्मिनल होतं, लूप जोडल्यावर पाइप आला. ग्रेपच्या ओळीत एक अक्षरही न बदलता त्याचं वागणं बदललं. शिवाय अशी स्क्रिप्ट मध्येच बंद केली तर साठलेलं सगळं जातं. रोज लॅपटॉप बंद होत असता तर घंटा कधीच वाजली नसती आणि तुम्ही माउस बदलत बसला असता.

सर्वांत छोटा उपाय म्हणजे ग्रेपला 'लाइन-बफर्ड' हा पर्याय द्या, आधी दोन डॅश. पाइपच्या साखळीत 'सेड' (ओळींत बदल करणारी कमांड) असेल तर त्याला 'यू' पर्याय लागतो. ऑकमध्ये (ओळींवर प्रक्रिया करणाऱ्या छोट्या भाषेत) दर प्रिंटनंतर 'एफफ्लश' लिहावं लागतं. डेबियनच्या कुळात ऑक म्हणून अनेकदा 'मॉक' येतं आणि ते येणारं इनपुटही अडवून ठेवतं, त्याला 'डब्ल्यू इंटरॅक्टिव्ह' (यातला 'डब्ल्यू' मोठा) द्यावं लागतं. बाकी बऱ्याच प्रोग्रॅमच्या आधी 'एसटीडीबफ'ला 'ओएल' (यातला 'एल' मोठा) देऊन चालवलं की काम होतं.

पण मी तुमच्या जागी असते तर ग्रेप काढूनच टाकला असता. लूपमधल्या 'रीड'ला तीन नावं द्या : वस्तू, क्रिया, क्रमांक. मोकळ्या जागा तोच गिळतो आणि ओळीचे तीन तुकडे तुमच्या हातात येतात. क्रिया 'प्रेस' आहे का आणि क्रमांक कोणता, हे तिथेच तपासा. क्रमांक तपासायला हवाच. एक म्हणजे डावं बटण, दोन मधलं, तीन उजवं, पण चार आणि पाच म्हणजे चाक वर-खाली फिरणं. एक्सला (पडदा, माउस आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या लिनक्सच्या जुन्या यंत्रणेला) चाकही बटणच वाटतं. चादरीचा काठ चाकाला घासला तरी तुमचा ग्रेप ती ओळ पुढे पाठवेल. बाबांसाठी एक, दोन, तीन हे तिन्ही चालू ठेवा, बोट नेमकं कुठे पडेल याची चिंता त्यांना नको. चार-पाच वगळा.

आता 'किती'. बॅशमध्ये (टर्मिनलवर कमांड चालवणाऱ्या नेहमीच्या शेलमध्ये) पाइपच्या उजवीकडचा लूप वेगळ्या उपशेलमध्ये चालतो. तिथे 'किती' वाढतं, पण ती मूळ व्हेरिएबलची प्रत असते आणि लूपबरोबर संपते. ट्रॅप चालतो मूळ शेलमध्ये, तिथलं 'किती' सुरुवातीपासून शून्यच राहिलेलं असतं. लूप मूळ शेलमध्ये ठेवा आणि एक्सइनपुटला 'प्रोसेस सब्स्टिट्यूशन'ने मागून जोडा. म्हणजे 'डन' नंतर 'पेक्षा लहान'चं चिन्ह, मोकळी जागा, पुन्हा तेच चिन्ह आणि त्याला चिकटून कंसात एक्सइनपुटची कमांड. ही सोय बॅशची आहे. स्क्रिप्ट 'एसएच' लिहून चालवली तर मिंटवर 'डॅश' शेल येतो आणि 'सिंटॅक्स एरर, रीडायरेक्शन अनएक्सपेक्टेड' म्हणून थांबतो.

तो ११ आकडाही बदला. वायर काढून पुन्हा लावली किंवा मशीन पुन्हा सुरू झालं की एक्स नवा क्रमांक देऊ शकतो. माउसचं नाव मात्र तेच राहतं. 'एक्सइनपुट लिस्ट' ला 'आयडी-ओन्ली' पर्याय आणि माउसचं नाव दिलंत की त्या वेळचा क्रमांक मिळतो. एकाच नावाची दोन उपकरणं दिसत असतील तर नावाआधी 'पॉइंटर' आणि कोलनचं चिन्ह (:) लावा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला खटकली अशी एक गोष्ट आहे. बाबांचा माउस लॅपटॉपच्या पडद्यावरचा बाणही हलवतो. म्हणजे त्यांची प्रत्येक हाक स्वयंपाकघरातल्या पडद्यावर कुठेतरी क्लिक होऊन पडते. कधीतरी ते क्लिक तुमच्या टर्मिनलच्या फुलीवर पडेल आणि घंटा कायमची गप्प होईल. 'एक्सइनपुट फ्लोट' आणि तो क्रमांक दिलात की माउस पडद्यापासून सुटा होतो. बाण हलत नाही, क्लिक लागत नाही, पण 'एक्सइनपुट टेस्ट'ला घटना दिसत राहतात.

लूपमध्ये आणखी एक सुधारणा हवी. एप्ले घंटा वाजवत असताना लूप थांबतो आणि त्या वेळात आलेल्या ओळी रांगेत उभ्या राहतात. घाबरून कुणी दहा वेळा दाबलं तर दहा घंटा एकामागून एक वाजतात, आई खोलीत पोहोचून पाणी देत असते तरी. एप्लेच्या ओळीच्या शेवटी 'अँड'चं चिन्ह (&) लावून ते मागे पाठवा. बॅशमधल्या 'सेकंड्स' (सगळं मोठ्या अक्षरांत) या व्हेरिएबलने मागची घंटा कधी वाजली ते लक्षात ठेवा आणि तीन सेकंद झाले नसतील तर पुढची ओळ सोडून द्या. दोन्ही एकत्रच करा. एप्ले मागे न पाठवता नुसतं सेकंद मोजलंत तर रांगेतली ओळ तीन सेकंदांनंतरच वाचली जाईल आणि घंटा वाजेलच.

हे सगळं करून आठ दिवस नीट चाललं की पुढची पायरी घ्या. एक्सइनपुट सोडून 'इव्हटेस्ट' वापरा. ते थेट कर्नलच्या उपकरण-फाइलमधून वाचतं. 'डेव्ह, इनपुट, बाय-आयडी' या फोल्डरमध्ये 'इव्हेंट-माउस'ने संपणारं नाव शोधा, वायर काढून लावली तरी ते बदलत नाही. 'ग्रॅब' पर्याय दिलात तर माउस फक्त तुमच्या स्क्रिप्टचा होतो, मग फ्लोट करायला नको. ओळीत 'कोड २७२' म्हणजे डावं बटण, 'व्हॅल्यू १' म्हणजे दाबलं, '०' म्हणजे सोडलं. आउटपुट लूपकडे नेताना आधी एसटीडीबफ लावा. मला इव्हटेस्ट आवडतं याचं खरं कारण वेगळं आहे. माउसची वायर निघाली की वाचन फसतं, इव्हटेस्ट बंद पडतं, लूप संपतो आणि स्क्रिप्ट 'डन' नंतरच्या ओळीवर येते. त्या ओळीवर वेगळ्या आवाजाचा भोंगा ठेवा. झाडताना वायर सुटली तर आईला लगेच कळेल. उपकरण-फाइल वाचायला परवानगी लागते, तिचं पुढच्या उत्तरात लिहिलं आहे.

लॅपटॉपच्या पॉवर सेटिंगमध्ये झाकण लावल्यावर आणि बराच वेळ हात न लावल्यावर 'काहीही करू नको' ठेवा. वीज गेली तर बॅटरी किती वेळ टिकते ते पावसाळ्याआधी घड्याळ लावून बघा.

माझी आई शेवटचे सात महिने अंथरुणाला खिळून होती. देवघरातली पितळी घंटा आम्ही तिच्या पलंगाला बांधली होती. पहिल्या आठवड्यात ती पुन्हा पुन्हा वाजवायची आणि आम्ही पोहोचलो की काहीच नको असायचं. ऐकू जातंय की नाही, हे तिला कळत नव्हतं म्हणून ती वाजवत होती. मग आम्ही स्वयंपाकघरातून 'ओ, आले' असं मोठ्याने म्हणायला लागलो आणि वाजवणं कमी झालं. तुमचे बाबा अकरा दिवस बटण दाबत राहिले, उत्तर न येता. लॅपटॉपला दोन छोटे स्पीकर जोडा, एक स्वयंपाकघरात आणि एक लांब वायरने बाबांच्या खोलीत ठेवा आणि स्वयंपाकघरातली घंटा त्यांनाही हळू ऐकू येऊ द्या. आणि नवी स्क्रिप्ट पुण्याहून पाठवू नका. घरी जा, बाबांना त्यांच्या हाताने दाबू द्या, तुम्ही स्वयंपाकघरात उभे राहा. ताट आणि चमचा उशाशी असू दे.

प्रश्न : मी नागपूरला घरून डिझाइनचं काम करते. मनगट दुखतं म्हणून दिवसात किती क्लिक होतात ते एक्सइनपुटच्या स्क्रिप्टने मोजत होते. उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर गेल्यापासून आकडा एकदम कमी येतो. काही खिडक्यांतले क्लिक मोजले जातात, काहींतले नाहीत. काय बिघडलं?

उत्तर : टर्मिनलवर 'एको' आणि 'एक्सडीजी सेशन टाइप' हे व्हेरिएबल (सगळं मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर) छापून बघा, डॉलरचं चिन्ह विसरू नका. 'वेलँड' असं उत्तर येईल. वेलँड ही एक्सच्या जागी आलेली नवी यंत्रणा. उबुंटूने २१.०४ पासून बहुतेक मशीनवर वेलँड हे नेहमीचं सत्र केलं. 'एक्सइनपुट लिस्ट' केलंत तर तुमच्या माउसचं नावही दिसणार नाही, 'एक्सवेलँड-पॉइंटर' अशी नावं दिसतील. जुने, एक्ससाठी लिहिलेले प्रोग्रॅम वेलँडवर एक्सवेलँडच्या आत चालतात. माउस त्यांच्या खिडकीवर असेल तेवढ्यापुरतं एक्सइनपुटला दिसतं. तुमची मोजली जाणारी खिडकी जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमची असणार.

हे मुद्दाम केलेलं आहे आणि मला ते योग्य वाटतं. एक्समध्ये कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्याच्या खिडकीतले क्लिक आणि टाइप केलेली अक्षरं गुपचूप वाचू शकत होता. बँकेचा पासवर्डसुद्धा. वेलँडने ते दार बंद केलं. लॉगिन पडद्यावर 'उबुंटू ऑन एक्सऑर्ग' निवडलंत तर तुमची स्क्रिप्ट २२.०४ वर पुन्हा चालेल, पण त्यावर विसंबू नका. २५.१० मध्ये उबुंटूने तो पर्याय काढून टाकला आहे.

'लिबइनपुट-टूल्स' हे पॅकेज घ्या आणि सुडो (कमांड प्रशासकाच्या हक्काने चालवणारा शब्द) लावून 'लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स' चालवा. 'पॉइंटर बटन' (मोठ्या अक्षरांत, मधे अंडरस्कोर) आणि 'प्रेस्ड' असलेल्या ओळी मोजा. पाइप लावणार असाल तर वरच्या उत्तरातला बफर इथेही आडवा येतो, हे लक्षात असू द्या. दर वेळी सुडो नको म्हणून बऱ्याच ठिकाणी 'स्वतःला इनपुट ग्रुपमध्ये घाला' असा सल्ला मिळेल. तो घेऊ नका. त्या ग्रुपला कीबोर्डही वाचता येतो, म्हणजे तुमच्या नावाने चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम तुमचं टाइपिंग वाचू शकेल. जे दार वेलँडने बंद केलं, ते तुम्ही मागून उघडून द्याल. त्याऐवजी 'यूडेव्ह'चा (उपकरण-फाइली तयार करणाऱ्या यंत्रणेचा) एक नियम लिहा. 'एलएसयूएसबी' माउसचे विक्रेता आणि उत्पादन असे दोन क्रमांक दाखवतं. ते नियमात घाला आणि तेवढ्या एका उपकरण-फाइलचा मालक स्वतःला करा. कुडाळच्या वाचकांनीही तेच करावं. मग लिबइनपुटला 'डिव्हाइस' पर्यायाने तीच फाइल द्या.

आणि मनगटाला आकडा कळेपर्यंत थांबवू नका, डॉक्टरांना आधी दाखवा.

प्रश्न : मी बार्शीला शाळेत संगणक शिकवतो. क्लिक म्हणजे आत नक्की काय होतं ते आठवीच्या मुलांना दाखवायचं होतं. 'डेव्ह, इनपुट, माइस' ही फाइल 'ओडी'ने (बाइट आकड्यांत छापणाऱ्या कमांडने) तीन-तीन बाइट करून वाचतो. स्क्रिप्टमध्ये पहिला बाइट ०९ आला तर 'क्लिक' छापायचं. माझ्या हातून चालतं, मुलांच्या हातून निम्मे क्लिक दिसतच नाहीत. शिवाय मधेच ओळीच्या जागी नुसती चांदणी येते.

उत्तर : चांदणी माउसची नाही, ओडीची आहे. मागच्यासारखीच ओळ पुन्हा आली की ओडी ती छापत नाही, चांदणी टाकतं. 'व्ही' पर्याय द्या, सगळ्या ओळी दिसतील. डावीकडचा पत्ता नको असेल तर 'एएन' (यातला 'ए' मोठा) द्या.

निम्मे क्लिक हरवतात, कारण मुलांचा हात क्लिक करताना हलतो. तुमचा स्थिर आहे. ही फाइल जुन्या पीएस-टू माउसच्या भाषेत बोलते. पहिल्या बाइटमध्ये आठ बिट आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं. उजवीकडून पहिला डाव्या बटणाचा, दुसरा उजव्या बटणाचा, तिसरा मधल्या बटणाचा, चौथा नेहमी एक. पाचवा आडव्या हालचालीचं चिन्ह, सहावा उभ्या हालचालीचं. माउस डावीकडे सरकला तर पाचवा एक होतो, आपल्याकडे ओढला तर सहावा. डावं बटण दाबलं आणि हात स्थिर असला तर ०९. पण दाबताना माउस जरासा डावीकडे गेला तर १९, खाली गेला तर २९, तिरका खाली-डावीकडे गेला तर ३९. तुमची तुलना फक्त ०९शी आहे.

म्हणून बरोबरी बघू नका, बिट बघा. बॅशच्या दुहेरी कंसात बाइटच्या आधी १६ आणि हॅशचं चिन्ह लावून तो षोडशमान (सोळाच्या पायाचा आकडा) समजायला सांगा आणि त्याचा १ बरोबर 'अँड' करा. एक आला तर डावं बटण दाबलेलं आहे. मग दुसरी अडचण येईल : बटण दाबून माउस ओढला तर दर ओळीला 'क्लिक' छापलं जाईल. मागच्या ओळीतला बिट एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. मागे शून्य आणि आता एक, तेवढंच क्लिक.

ओडीआधी एसटीडीबफ लावा, नाहीतर कुडाळची घंटा तुमच्या वर्गात वाजेल. स्क्रिप्ट दाखवण्याआधी एक तास नुसत्या ओडीवर घालवा. एका मुलाला माउस द्या, दुसऱ्याला फळ्यावर आठ चौकोन काढून बिट भरायला सांगा, आणि बाकीच्यांनी पडद्याकडे पाठ करून फक्त फळा बघून ओळखायचं, कोणतं बटण आणि माउस कुठे सरकला.